अंगाचं माप

छावणीच्या फाटकासमोर शिंप्यांची तीन दुकानं होती आणि तिन्हीत मिळून बोलणारं तोंड एकच, ते टाचणीबाईचं. तेही अर्धंच. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात पाच-सहा टाचण्या धरायच्या आणि उजव्या कोपऱ्यातून दिवसभर बडबडायचं, अशी तिची पद्धत. चाळीस वर्षांत तिने एक टाचणी गिळली नाही की एक शब्द गिळला नाही. आता बोला!

गिळलेली होती ती फक्त गिऱ्हाइकांची अंगं. फाटकाच्या आतल्या साहेबलोकांपैकी कोणाच्या पाठीला पोक, कोणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, कोणाचं पोट दर सहा महिन्यांनी दोन बोटं पुढे चाललंय, सगळं तिला तोंडपाठ. पण तोंडातून चकार शब्द नाही. तिचे वडील शिंपीच होते. त्यांनी तिला कातर हातात देतानाच सांगून ठेवलेलं, "पोरी, डॉक्टर एकवेळ बोलला तरी चालेल, शिंप्याने बोलू नये. डॉक्टरकडे माणूस आजारी पडल्यावर जातो. आपल्याकडे धडधाकट असताना येतो."

म्हणून वहीत ती अंगाचं माप लिहीतच नसे. वहीत असायचं ते शिवून तयार होणाऱ्या कपड्याचं माप. आत पॅड किती घालायचं, पोटावरून कापड कसं फिरवायचं, आखूड पायाची पँट कुठे दुमडायची, हे सगळं डोक्यात. याला कारण होतं, आणि ते कारण दुकानातच खिडकीजवळच्या स्टुलावर बसून काज-बटण करायचं. तिची नणंद. नणंदेच्या कानात सकाळी गेलेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत पलीकडच्या गल्लीत पोचलेली असायची, आणि तीही वाटेत बाळसं धरून.

"वहिनी, त्या नव्या कॅप्टनची कंबर किती हो?"

"त्याच्या बायकोला विचार."

"लग्न कुठे झालंय त्याचं?"

"मग तुला कशाला हवी?"

अशी ही दोघींची दिवसभराची करमणूक. इस्त्री तापत असायची, मशीन खडखडत असायचं, आणि गिऱ्हाईक आरशासमोर हात पसरून उभं राहून हसू दाबत असायचं.

टाचणीबाईचं माप चुकत नाही, असं मेसमध्ये म्हणायचे. समोरची दोन दुकानंसुद्धा म्हणायची, पण दात-ओठ खाऊन. ट्रायलला ये म्हणायची ती रीत म्हणून. पहिल्या ट्रायललाच कोट असा बसायचा की माणसाला वाटावं, अंगच नवीन शिवून मिळालं.

अशा त्या दुकानात एका सकाळी एक नवा लेफ्टनंट आला. पायरीवर बूट पुसून आला, तिथेच टाचणीबाईला तो आवडला. बाकीचे साहेब चिखलासकट येतात आणि जाताना विचारतात, "इथे झाडत नाही का कोणी?"

हा मुलगा बाहेरचा. म्हणजे नऊ-दहा वर्षांचा असताना आईबापाबरोबर दुसऱ्या देशातून आलेला. बाप फरशी बसवायचा, आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती. मुलगा आपली भाषा आपल्यापेक्षा शुद्ध बोलायचा. शाळेत शिकलेला ना! आपण घरात शिकलेलो, म्हणून वाटेल तशी वापरतो.

"मावशी, मला समारंभाचा कोट शिवायचा आहे," तो म्हणाला.

"शिवू की. कोट उतरव अंगातला. हा कोणी दिला?"

"सरकारी आहे. मेसमध्ये मला खुंटी म्हणतात."

"का रे बाबा? टोप्या अडकवतात?"

"कोट. म्हणतात, कोट आला, आत माणूस आहे का बघा."

टाचणीबाईला इतकं हसू आलं की टाचण्या हातात काढून घ्याव्या लागल्या. नशिबाने नणंद त्या दिवशी दात काढायला गेली होती. दुकानात तिसरं कोणी नव्हतं.

टेप लावली. खांदा सोळा. छाती चौतीस, तीही श्वास भरून. कंबर अठ्ठावीस. मान अशी की कॉलरच्या आत दोन बोटं नाचावीत. आणि डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला पाऊण इंच खाली.

"हा खांदा रुसलाय की काय कोणावर?"

"बाबांबरोबर फरशीच्या पेट्या वाहायचो. शाळा सुटल्यावर. सगळ्या याच खांद्यावरून."

"आणि दुसऱ्याला सुट्टी?"

"त्या हातात पुस्तक असायचं."

टाचणीबाईने टेप गुंडाळली. खडू उचलला आणि कामाला लागली. तो कोट तिने अकरा दिवस घेतला. छातीला कॅनव्हास दुहेरी लावला. उजव्या खांद्यात जाड लोकरी कापडाचे दोन थर घातले, डाव्यात चार, आणि ते चार थर कडेला असे निमुळते कापले की वरून हात फिरवला तरी कळू नये. बगलेचा मुंढा वर घेतला, बाही जरा पुढे फिरवली. हे सगळं नणंद घरी गेल्यावर, संध्याकाळी तासभर जास्त बसून. वहीत लिहिलं, खांदा साडेसतरा, छाती अडतीस. बस्स.

ट्रायलला तो आरशासमोर उभा राहिला तो उभाच. आरशातला माणूस रुंद, सरळ, कोणी वाट अडवणार नाही असा.

"आवडला नाही का?" तिने विचारलं.

"मावशी, हे कोणाला सांगणार नाही ना? आतलं?"

"मी कोणाचंच सांगत नाही."

"आईलासुद्धा नको."

"आईला का नको?"

"तिला पत्रात लिहिलंय, इथे जेवण चांगलं आहे, मी भरलोय म्हणून." आणि तो पहिल्यांदा हसला. "तिला तसंच वाटू दे."

"नाही सांगत. जा. आणि खरंच जेवत जा, म्हणजे मला एकेक थर काढता येईल."

थर काढायची वेळ आली नाही. दीड वर्षाने लढाई सुरू झाली आणि सातव्या आठवड्यात, एका पुलाच्या अलीकडे, तो गेला. आपल्या तुकडीतली चार माणसं त्याने मागे आणली आणि पाचव्यासाठी परत गेला, असं त्या चारांनी सांगितलं. चोवीस वर्षांचा होता. समारंभाचा कोट घालूनच त्याला पुरलं. म्हणजे आतले ते सहा थर आता जमिनीखाली गेले, आणि वर त्यांची खबर असलेलं माणूस उरलं एकच.

आता गावाची गंमत बघा. ही फरशीवाल्याची मंडळी राहायला आली तेव्हा याच गावात लोक कुजबुजायचे, हे बाहेरचे, आपली कामं घेतात, यांच्या स्वयंपाकाचा वास जिन्यात येतो. वास कसला, कांदा परतल्याचा! तो काय फक्त त्यांच्याकडेच परततात? अर्ध्या गावाने याच माणसाकडून न्हाणीघरं करून घेतली, आणि त्याच फरशीवर उभं राहून त्याला नावं ठेवली. मुलगा गेल्यावर मात्र वर्षाच्या आत तो "आपला मुलगा" झाला. पुतळा समिती झाली. बाहेरचा माणूस आपला व्हायला काय लागतं, ते गावाने असं ठरवून टाकलं. इतका वरचा दर लावायला नको होता, एवढंच.

समितीचे अध्यक्ष निवृत्त मेजरसाहेब. आवाज असा की बंद खोलीतही वाऱ्यावर बोलतायत असं वाटावं. शिल्पकार शेजारच्या शहरातून आणला. जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. चहात बिस्कीट बुडवायचा आणि ते तुटून पडेपर्यंत विचार करायचा. त्याची अडचण अशी की लेफ्टनंटचे फोटो दोनच. एक ओळखपत्रावरचा, फक्त चेहरा. दुसरा तुकडीचा, त्यात हा मागच्या रांगेत, समोरच्याच्या टोपीआड.

"चेहरा मी काढीन," शिल्पकार म्हणाला. "पण पूर्ण उभा पुतळा आहे. अंग कुठून आणू?"

मेजरसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "टाचणीबाई! तिच्या वहीत अख्खी पलटण आहे."

बोलावणं आलं. शाळेच्या जुन्या हॉलमध्ये समितीची बैठक, लांब टेबल, सगळे बसलेले. लेफ्टनंटचा बाप टोकाच्या खुर्चीवर, नवा शर्ट घालून, हात मांडीखाली दाबून. फरशीवाल्यांचे हात नेहमी सिमेंटने फुटलेले असतात, ते त्याला लपवायचे असावेत. टाचणीबाई वही घेऊन उभी.

"हं, वाचा," मेजरसाहेब म्हणाले. "खांदा?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. उत्तर मात्र ठरलेलं नव्हतं. डोक्यात सोळा होतं, वहीत साडेसतरा. तिने बापाकडे पाहिलं. तो पुढे झुकून बसला होता.

"साडेसतरा," तिने वाचलं. "छाती अडतीस."

"अडतीस!" बाप म्हणाला. शेजारच्या माणसाकडे वळून पुन्हा म्हणाला, "अडतीस."

मग काय करणार? पुढचंही तिने वहीतलंच वाचलं. दिलेला शब्द, गेलेला मुलगा आणि समोर खूश झालेला बाप, तिघं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दीड इंच. आणि पुतळा काय, उंच दगडावर उभा राहणार. खालून कोण टेप लावणार आहे?

अडीच महिन्यांनी मातीचा पुतळा तयार झाला. ब्राँझ ओतण्याआधी घरच्यांनी बघून घ्यावा, म्हणून सगळ्यांना शिल्पकाराच्या कारखान्यात नेलं. मोठी पत्र्याची शेड. आत ओल्या पोत्यांचा वास, भिंतीला टेकवलेले कुणाकुणाचे हात, एका कोपऱ्यात डोकं नसलेला घोडा. मध्ये लेफ्टनंट. ओली फडकी काढली तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदम "वा!" निघालं. खरंच देखणा होता. रुंद, ताठ, खांदे पातळी लावून बसवल्यासारखे. चेहराही हुबेहूब. मेजरसाहेबांनी तर सलामच ठोकला.

लेफ्टनंटची आई पुतळ्याभोवती एक फेरी मारून आली. लहानशी बाई, इस्पितळातून तशीच आलेली, बाह्या अजून दुमडलेल्या. शिल्पकाराला म्हणाली, "छान आहे. खूप मेहनत घेतली तुम्ही." मग येऊन टाचणीबाईच्या शेजारी उभी राहिली आणि पुतळ्याकडे बघायला लागली, बसच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं तशी.

"चांगला झालाय ना, ताई?" टाचणीबाईने विचारलं. विचारायला नको होतं.

"चेहरा त्याचा आहे," आई म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "परेडच्या दिवशीही असंच झालं. आम्ही दोघं कठड्याशी उभे. सगळी मुलं सारखी. मी एकाला हात करत राहिले, करत राहिले. तो दुसऱ्याच कोणाचा तरी निघाला. माझा समोरून गेला, मला कळला नाही."

"गर्दीत होतं असं."

"हो. म्हणून म्हटलं, पुतळा एकटाच असेल. इथे तरी लगेच सापडेल." तिने बाह्या सोडून बटणं लावली. "असू दे. छान आहे. लोकांना आवडेल."

शुक्रवारी साचा घेणार होते. एकदा साचा घेतला की संपलं. तो दिवस सोमवार.

मंगळवारी टाचणीबाईने एका सुभेदाराच्या पँटचे दोन्ही पाय डावे कापले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! नणंदेने ते टेबलावर पसरून पाहिलं आणि सुई खाली ठेवली.

"वहिनी, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे."

"सकाळपासून एक शब्द बोलला नाहीत. मला भीती वाटायला लागली. त्या समोरच्या दुकानदारानेपण विचारलं, आवाज का येत नाही म्हणून. त्याला वाटलं, मशीन बिघडलं."

"त्याला म्हणावं, स्वतःची शिलाई बघ."

"पुतळ्यात काही बिनसलं का? सगळे तर म्हणतात, फार रुबाबदार झालाय."

"झालाय ना. रुबाबदारच झालाय," टाचणीबाई म्हणाली आणि उसवायला बसली.

उसवताना माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो, हा या धंद्यातला शापच आहे. सांगावं तर शब्द मोडतो. तोही अशाचा, जो येऊन "मावशी, माफ केलं" म्हणणार नाही. न सांगावं तर ती बाई आयुष्यभर दर रविवारी चौकात येऊन परक्या पुतळ्याला बघणार, आणि म्हणणार, छान आहे. मुलाने आतले थर लपवायला सांगितले ते मेसमधल्या टवाळांपासून, आणि जेवतोय असं आईला वाटावं म्हणून. आईने आपल्याला ओळखूच नये म्हणून नव्हे. पण ती चकली. परेडच्या दिवशी चकली, आणि आता ब्राँझमध्ये कायमची चकणार. दोन्हीकडे कोट तर टाचणीबाईचाच.

बुधवारीही हेच. गुरुवारी दुपारी तिने मशीनवर कापड टाकलं, नणंदेला म्हणाली, "कोणी आलं तर बसव," आणि बस पकडून थेट कारखाना गाठला. वही घेतली नाही.

तिथे मेजरसाहेब होते, लेफ्टनंटचा बापही होता. चौथऱ्याला कोणती फरशी लावायची याची चर्चा चाललेली. बापाने ती फुकट बसवून द्यायची ठरवली होती, म्हणून आवाज थोडा त्याचाही ऐकू येत होता. शिल्पकार बिस्कीट बुडवून बसलेला.

"साहेब," टाचणीबाई म्हणाली, "माप चुकलंय."

"कोणाचं?"

"माझं. वहीतलं पान दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं वाचलं मी. अदलाबदल झाली."

बिस्कीट तुटून कपात पडलं.

"अहो बाई," मेजरसाहेबांचा आवाज पत्र्याला लागून परत आला, "तुमचं माप चाळीस वर्षांत चुकलं नाही म्हणतात!"

"चाळीस वर्षं काही थोडी नाहीत, साहेब. एकदा तरी चुकायचंच."

"आणि ते नेमकं याच्यावर? उद्या साचा आहे! उद्घाटनाच्या पत्रिका छापायला गेल्यात! तुम्हाला वय झेपत नसेल तर तसं सांगायचं होतं. आम्ही दुसरीकडे गेलो असतो."

"आता जा. मी कुठे अडवलंय?"

शिल्पकार सावकाश उठला. "मग हे मी घडवलं ते अंग कोणाचं?"

"असेल कोणाचंतरी. जेवूनखाऊन सुखी दिसतोय."

"आणि त्याचं खरं माप?"

"घ्या लिहून." ती पुतळ्यासमोर जाऊन उभी राहिली. "खांदा सोळा. छाती चौतीस, श्वास भरून. तुम्ही साडेतेहतीस धरा. कंबर अठ्ठावीस. मान बारीक, कॉलरपासून सुटलेली. आणि डावा खांदा पाऊण इंच खाली."

शिल्पकार लिहीत होता. लिहिता लिहिता त्याने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. वही नव्हती. त्याने पान उलटलं आणि पुढे लिहिलं.

"पाऊण इंच खाली?" मेजरसाहेब म्हणाले. "पुतळ्याचा खांदा वाकडा? लोक काय म्हणतील, आमच्या अधिकाऱ्याला सावधान उभं राहता येत नव्हतं?"

"येत नव्हतं, साहेब," बाप म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. त्याचे दोन्ही हात आज बाहेर होते, चौथऱ्याच्या नमुन्याच्या फरशीवर ठेवलेले.

"पेट्या उचलायचा माझ्याबरोबर. मी म्हणायचो, खांदा बदल. बदलायचा नाही." त्याने फरशी उचलून बाजूला ठेवली. "बाई बरोबर सांगतायत. अडतीस मला तेव्हाच जास्त वाटलं होतं. पण बरं वाटलं, म्हणून बोललो नाही."

मेजरसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मिटल्यावर तेही बरे होते.

"माती ओली आहे अजून," शिल्पकार म्हणाला. "दहा दिवस द्या. पत्रिकेवर तारीख हाताने बदलू."

अकराव्या दिवशी आईला पुन्हा आणलं. या वेळी समिती नव्हती. आई, बाप, शिल्पकार आणि तपासायला म्हणून टाचणीबाई. फडकी काढली. समोर एक काटकुळा मुलगा उभा होता. ताठ उभं राहायचा आटोकाट प्रयत्न करणारा, आणि डाव्या बाजूने जरासा घसरलेला.

आईने या वेळी फेरी मारली नाही. सरळ त्याच्यासमोर गेली, कमरेवर हात ठेवले आणि तिच्या मुलखाच्या भाषेत बोलायला लागली. आवाज चढत गेला. एक बोट वर झालं. मध्येच थांबली, जसं काही समोरच्याने उत्तर दिलंय, आणि त्या उत्तरावर आणखी भडकली. चांगली पाच मिनिटं. डोकं नसलेल्या घोड्यानेही खाली बघितलं असतं.

"काय म्हणतायत?" शिल्पकाराने घाबरून बापाला विचारलं. "आवडला नाही का?"

"आवडला," बाप म्हणाला. "ते आमचं घरचं भांडण आहे. राहिलेलं."

त्याने याहून जास्त काही सांगितलं नाही, आणि टाचणीबाईने विचारलं नाही. तिच्यासारख्या बाईने विचारलं नाही, याची नोंद खरं तर समितीने घ्यायला हवी होती.

समितीने वेगळीच नोंद घेतली. पुढच्या महिन्यात मेसच्या बावीस कोटांचं काम समोरच्या दुकानात गेलं. मेजरसाहेबांनी स्वतःच्या दोन पँटी परत मागवल्या, त्याही न शिवलेल्या. फाटकाच्या आत बोलणं सुरू झालं, बाईंची नजर गेली, हात कापतो, परवा म्हणे सुभेदाराला दोन डावे पाय शिवून दिले. हे शेवटचं कोणी पसरवलं ते सांगायला नको. पसरवणारी स्टुलावर बसून डोळे पुसत होती.

"मला काय माहीत असं होईल! मी आपलं गंमत म्हणून सांगितलं."

"रडू नकोस. काजावर डाग पडेल."

"पण वहिनी, एक सांगा. आपल्या वहीत पानं अदलाबदल होतीलच कशी? शिवलेली वही आहे. पानापानावर तुम्ही वर गिऱ्हाइकाचं नाव टाकता. मी रोज बघते."

"रोज बघतेस?"

नणंदेने सुईत दोरा ओवायला घेतला. तो विषय तिथे मिटला.

उद्घाटनाला टाचणीबाईला पत्रिका आली नव्हती, पण चौक काही समितीच्या मालकीचा नव्हता. ती इस्त्रीचे कपडे घालून गेली आणि तिसऱ्या रांगेमागे उभी राहिली. भाषणं झाली. मेजरसाहेबांना माइक दिला होता, तो कशाला दिला देव जाणे. पडदा ओढला, टाळ्या झाल्या, बिगुल वाजला. पुढच्या रांगेत आईने बापाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि बोट दाखवलं. तिला तो लगेच सापडला होता.

टाचणीबाईने मग पुतळ्याकडे नीट पाहिलं.

कोट! त्या दिवशी शेडमध्ये तिचं सगळं लक्ष आईकडे होतं, कोट बघायचा राहूनच गेला होता. शिल्पकाराने अंग बदललं होतं, पण कोटाचं माप त्याच्या कागदावर जुनंच राहिलं होतं. साडेसतराचा खांदा सोळाच्या हाडांवर. आत थर नाहीत, काही नाही. डाव्या बगलेत चुणी पडलेली, बोट जाईल एवढी. कॉलर मानेपासून सुटलेली. पुढचा एक पल्ला दुसऱ्यापेक्षा खाली लोंबतोय. चाळीस वर्षांत असला कोट तिच्या हातून गेला नव्हता, आणि हा आता ऊन-पावसात, गावाच्या मधोमध, तिच्यानंतरही उभा राहणार होता.

मागे दोन नवे लेफ्टनंट कुजबुजत होते.

"कोट बघितलास? कोणी शिवला असेल रे असा?"

"फाटकासमोरची ती म्हातारी. दुसरं कोण?"

टाचणीबाई वळली. आज तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे आवाज दोन्ही कोपऱ्यांतून पुरता आला.

"मी शिवला. का?"

दोघंही खाडकन सरळ उभे राहिले. त्यातल्या उजवीकडच्याची एक बाही दुसरीपेक्षा अर्धा इंच लांब होती. समोरच्या दुकानातलं काम. तिने ते बघून ठेवलं, आणि कोणाला सांगितलं नाही.